जॉर्जियात पैसे घाला म्हणता, ते परत कसे काढायचे तेही सांगा

हिशेबनीस (ठाणे)

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर आला. 'जॉर्जिया : कॉकेशसमधली सोन्याची खाण'. त्यात पाच वाटा सांगितल्यात. समुद्रकाठच्या बातुमी शहरात फ्लॅट घ्या, काखेती प्रांतात द्राक्षमळा घ्या, डोंगरी नद्यांवरच्या विजेत पैसे घाला, काळ्या समुद्रावरच्या नव्या बंदरात घाला, नाहीतर एक टक्का कर भरून आयटीचा धंदा काढा. खाली फोन नंबर आणि 'लवकर कळवा'. सोळा जणांनी अंगठा दिला. त्यातले चार निवृत्त आहेत आणि त्यांच्या हाती नुकताच फंडाचा पैसा आलाय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शेतजमिनीपासून सुरू करतो. परदेशी माणसाला जॉर्जियात शेतजमीन विकत घेताच येत नाही. २०१३ मध्ये पहिली बंदी आली, ती घटना न्यायालयाने २०१४ मध्ये उठवली, २०१७ मध्ये पुन्हा बंदी आली आणि २०१८ पासून ती थेट राज्यघटनेत आहे. वारसा वगैरे मोजके अपवाद सोडा. मळा विकायला निघालेल्या माणसाला एवढंही माहीत नसेल, तर बाकीच्या चार वाटा त्याने कशा तपासल्या असतील?

बंदर म्हणजे अनाक्लिया. २०१६ मध्ये करार झाला, जानेवारी २०२० मध्ये सरकारनेच तो रद्द केला, आणि २०२४ मध्ये चिनी कंपन्यांच्या गटाचं नाव पुढे आलं. फंडाच्या पैशाचं तिथे काय काम?

वाइनचं कौतुक मलाही आहे. आठ हजार वर्षांची परंपरा, जमिनीत पुरलेले क्वेव्री नावाचे मातीचे रांजण, २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव. पण रशियाने २००६ मध्ये ही वाइन बंद केली, ती २०१३ पर्यंत. तरी आजही निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल रशियालाच जातो. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाला मी बावीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत कधी सहजासहजी कर्ज दिलं नाही.

आता फ्लॅट. माझ्या मेहुण्याने बातुमीत एक घेतला. इथे एका हॉटेलात सादरीकरण झालं, समुद्राचे फोटो, वर 'भाड्याची हमी'. अठरा लाख आधी भरले. ताबा दोन वर्षं उशिरा मिळाला, आणि मिळालं ते काय, तर ज्याला तिकडे 'ब्लॅक फ्रेम' म्हणतात ते. बाहेरच्या भिंती, खिडक्या, दार. आत फरशी नाही, गिलावा नाही, संडासाचं भांडं नाही. ते सगळं आपण आपल्या पैशाने करायचं. हमीचं भाडं तीन महिने आलं आणि थांबलं. आता विकायचा म्हटलं तर त्याच इमारतीत बिल्डरचेच कोरे फ्लॅट कमी भावात पडलेत. बहीण रात्री झोपत नाही. हा माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

छोट्या देशात घेताना विकणारे शंभर भेटतात. विकताना घेणारा कोण, याचं उत्तर त्या मजकुरात कुठेही नाही.

तिबिलिसीकर

२०१६ पासून इथे, जॉर्जियाच्या राजधानीत, राहतो. डाळी, मसाले, तांदूळ आणतो. पोती नावाच्या बंदरात माल उतरतो. तुमच्या मेहुण्याचं वाईट वाटलं. पण एका बिल्डरने फसवलं म्हणून अख्ख्या देशावर काट मारायची? मग मुंबई उपनगरात किती जणांचे फ्लॅट अडकलेत ते मोजा आणि महाराष्ट्रही बंद करा.

मी कंपनी एका सकाळीत नोंदवली. इतक्या वर्षांत एकाही कारकुनाने माझ्याकडे चहापाणी मागितलं नाही. २००४ मध्ये इथलं अख्खं वाहतूक पोलिस दल घरी बसवून नवी माणसं भरली होती, त्याचा परिणाम रस्त्यावर अजून दिसतो. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही. बाहेर काढला की १५ टक्के, २०१७ पासून. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या शेवटच्या यादीत जॉर्जिया सातवा होता. वडील गेल्यावर सातारा जिल्ह्यात साध्या वारसनोंदीला मला तीन वर्षं लागली. मी कुणाचं कौतुक करायचं, तुम्हीच सांगा.

आणि त्या मजकुरात नसलेला सगळ्यात मोठा धंदा सांगतो : जुन्या गाड्या. अमेरिकेतल्या लिलावात आपटलेल्या गाड्या घ्यायच्या, समुद्राने पोतीला आणायच्या, तिबिलिसीजवळच्या रुस्तावीला ठाकठीक करायच्या आणि कझाकस्तान, किर्गिझस्तानला विकायच्या. देशाच्या निर्यातीत गाड्या अगदी वरच्या क्रमांकावर आहेत, आणि इथे गाड्यांचा एकही कारखाना नाही. याला म्हणतात धंद्याची नजर.

हिशेबनीस

जागतिक बँकेची ती यादी २०२१ मध्ये बंदच केली. आकड्यांत फेरफार सापडले होते.

तिबिलिसीकर

फेरफारात शेजारच्या अझरबैजानचं नाव होतं, चीनचं होतं. जॉर्जियाचं नव्हतं. अर्धंच सांगू नका.

हिशेबनीस

ठीक, एवढं मान्य. पण कंपनी लवकर नोंदवता येणं आणि पैसा सुखरूप राहणं यात फरक आहे. २०१४ च्या अखेरीपर्यंत डॉलरला तिथल्या चलनात, म्हणजे लारीत, पावणेदोनच्या आसपास पडायचे, २०२० मध्ये तीनाच्या वर गेले. लारीत भाडं घेणाऱ्याचं निम्म्याच्या जवळ तिथेच उडालं. २०२२ ची दहा टक्क्यांवरची वाढ दाखवतात, ती युद्धामुळे पळून आलेल्या रशियनांच्या पैशाची होती. पाहुणे उठले की पंगत संपते. आणि एक टक्क्याची सवलत तिथे वैयक्तिक नोंदणी केलेल्या, वर्षाला पाच लाख लारीच्या आत उलाढाल असलेल्या माणसाला आहे. ठाण्यात बसून काम करणाऱ्याचा इथला कर त्याने चुकत नाही. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाखांचा दंड बसू शकतो. हे त्या हॉटेलात कुणी सांगितलं नव्हतं.

मुक्तार्थ

मूळ लेखात शेतजमिनीच्या बंदीवर तुम्ही 'अज्ञान' म्हणून शिक्का मारून पुढे गेलात, पण खरा प्रश्न ती बंदी चूक आहे हा आहे. १९९२ च्या जमीनवाटपात तिथल्या एकेका कुटुंबाला जेमतेम सव्वा हेक्टरपर्यंत जमीन मिळाली. पोरं इटलीला, ग्रीसला गेली. जमीन पडीक. २०११-१२ च्या सुमारास पंजाबचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, पडीक रानं उभी करायला लागले, आणि सरकारने दार लावलं. म्हाताऱ्या जॉर्जियन शेतकऱ्याचं नुकसान कुणी केलं? ज्याला गिऱ्हाईकच नाही त्या जमिनीला भाव कुठून येणार? आपल्याकडेही तेच. बिगरशेतकऱ्याला शेती घेऊ द्यायची नाही, कूळ कायद्याचं कलम ६३, आणि शेतकरी मात्र कर्जात.

दापोलीची लेक

मुक्तार्थ, तुम्ही कधी जमीन विकून झालेल्या गावात राहिलात का?

माझ्या चुलत्यांनी आमचा कातळ विकला. घेणारा शेतकरी नव्हता, पण शेतकरी असल्याचा दाखला त्याच्याकडे होता. तो कसा मिळतो ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षी चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. दुसऱ्या वर्षी देवराईकडे जाणारी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बंद झाली. तिसऱ्या वर्षी बोअरवेल पडल्या आणि खालच्या वाडीची विहीर फेब्रुवारीतच आटली. चुलत्यांना मिळालेले पैसे मुलाच्या गाडीत आणि लग्नात गेले. आता तोच मुलगा त्या गडग्याच्या आत माळीकाम करतो. ज्या जमिनीचा तो मालक होता तिला पाणी घालतो.

काखेतीतल्या माणसांना ही भीती वाटली असेल तर मला ती कळते. जेमतेम चाळीस लाखांच्या आतला देश. १९८९ मध्ये चोपन्न लाख होते. पाचवा हिस्सा भूभाग अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियात हातचा गेलेला. त्यांनी उरलेली जमीन मुठीत धरली तर त्यांना मागास म्हणायचा हक्क मुंबईतल्या कुणाला नाही.

मुक्तार्थ

भावनेने शेती पिकत नाही. तुमच्या चुलत्यांनी पैसे गाडीत घातले हा त्यांचा निर्णय. विकायचा हक्क काढून घेतला असता तर मुलगा आज मुंबईत चौकीदार असता.

दापोलीची लेक

माझ्या घरातल्या माणसाबद्दल जपून बोला. 'निर्णय' म्हणताय. दलाल तीन वर्षं रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत होता. शेजारच्याने विकलं, त्याच्या शेजारच्याने विकलं, मधली आमची जमीन चारी बाजूंनी कोंडली. विकली नसती तर जायला वाटच उरली नसती. याला तुम्ही मोकळा बाजार म्हणता?

तिबिलिसीकर

मूळ विषय जॉर्जिया होता, पण आलाच आहात तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझ्याकडे माल घ्यायला येणारे एक पंजाबी शेतकरी आहेत. काखेतीत जमीन मिळेना म्हणून त्यांनी ती भाडेपट्ट्याने घेतली, तशी घेता येते. गहू आणि मका करतात. पहिल्या वर्षी गावकरी बोलतसुद्धा नव्हते. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, तो यांनी ओढून काढला, तेव्हापासून द्राक्षतोडणीला, रत्वेलीला, यांचं पान मांडलेलं असतं. माझं मत मुक्तार्थांसारखं होतं. आता ते डळमळीत आहे. मालकी नसतानाही शेती चालते, आणि गावालाही धास्ती राहत नाही. फक्त पट्टा लांब मुदतीचा हवा. चार-पाच वर्षांचा पट्टा असेल तर कुणी बागेत पैसा घालत नाही, द्राक्षाला नाही आणि हेझलनटलाही नाही.

मुक्तार्थ

भाडेपट्ट्यावर बँक कर्ज देत नाही.

हिशेबनीस

देते. लांब मुदतीचा आणि नोंदवलेला असेल तर देते, मी स्वतः दिलेलं आहे. आणि दापोलीच्या ताईंशी बोललात ते मला पटलं नाही. चौकीदाराचं वाक्य मागे घ्या.

मुक्तार्थ

चौकीदाराचं वाक्य मागे. बंदीबद्दलचं मत तेच.

जुना बोगदेवाला

चाळीस प्रतिसाद जमिनीवर होतील, विजेवर कुणीच बोलणार नाही, म्हणून लिहितो. हिमालयात जलविद्युत बोगद्यांवर एकोणीस वर्षं काम केलंय.

जॉर्जियाच्या अजारा प्रांतातल्या डोंगरात शुआखेवी नावाचा प्रकल्प आहे, आपल्या टाटा पॉवरचा भागीदारीतला. खोपोली, भिवपुरी, भिरा चालवून शंभर वर्षांचा अनुभव असलेली कंपनी, सोबत नॉर्वेची कंपनी आणि जागतिक बँक गटातली संस्था. २०१७ मध्ये वीज सुरू झाली आणि काही महिन्यांतच बोगद्यात पडझड होऊन सगळं थांबलं. दुरुस्ती करून २०२० मध्ये पुन्हा सुरू झालं. बोगदा पाण्याने भरतो, रिकामा होतो, तेव्हा खडक आपलं खरं रूप दाखवतो. कागदावरचा भूगर्भ अहवाल तेव्हा उपयोगी पडत नाही. टाटा तीन वर्षं थांबू शकले. तुमच्या गटातले निवृत्त तीन वर्षं थांबू शकतील का?

दुसरं. रिओनी खोऱ्यात नामाखवानी नावाचा ४३३ मेगावॉटचा प्रकल्प होता. गावकरी महिनोन्‌महिने तंबू ठोकून बसले आणि २०२१ मध्ये तुर्की कंपनी सोडून गेली. मी बांधणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. पण कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कागद घेऊन फिरते आहे, त्यांच्यातल्या काहींसोबत मी जेवलोय. त्यामुळे त्या तंबूंवर रागावणं मला जमत नाही.

तिसरं, हिशेबाचं. तिथे उन्हाळ्यात बर्फ वितळून वीज उतू जाते आणि हिवाळ्यात बाहेरून आणावी लागते. दर कोणत्या महिन्यांत हमीचा आहे हे करारात न पाहता वर्षाची सरासरी सांगणारा माणूस एकतर नवखा आहे नाहीतर खोटारडा.

पालक_नांदेड

मुलगी तिबिलिसीत एमबीबीएसला आहे, चौथं वर्ष. एजंट म्हणाला तिच्यासाठी फ्लॅट घ्या, फी निघून येईल. घेऊ का?

तिबिलिसीकर

दादा, घेऊ नका. मी इथला असून सांगतो. २०२२ मध्ये रशियन आले तेव्हाचे भाडे दाखवून तो दर सांगत असेल. मुलीचं लक्ष भारतात परतल्यावरच्या परवाना-परीक्षेवर राहू द्या, तीनशेपैकी दीडशे गुण लागतात आणि ते पुष्कळांना मिळत नाहीत. पैसा तिच्या शिकवणीला ठेवा.

हिशेबनीस

म्हणजे फ्लॅटबद्दल तुम्ही माझंच म्हणणं मान्य केलंत.

तिबिलिसीकर

फ्लॅटबद्दल हो, आणि तेही नाइलाजाने. देशाबद्दल नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने युरोपीय संघाची बोलणी २०२८ पर्यंत पुढे ढकलली, तेव्हा माझ्या दुकानातली मुलं रोज रात्री संसदेसमोर उभी राहायची आणि सकाळी नऊला माल लावायला हजर. जिथे पोरं असं वागतात तिथे मी पैसा ठेवतो. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

बरं, मेहुण्यांचं सांगा. इथे मालमत्तेचा नोंदणी क्रमांक असला की सरकारी नोंदवहीतला उतारा कुणालाही ऑनलाइन मिळतो; बोजा आहे का, फ्लॅट नक्की कुणाच्या नावावर आहे, सगळं दिसतं. क्रमांक पाठवा. पुढच्या आठवड्यात बातुमीला जातोय, इमारतही पाहून येतो.

हिशेबनीस

मेहुण्याकडे क्रमांकच नाही. पावत्या आणि एक इंग्रजी करार आहे, त्यात फक्त मजला आणि फ्लॅट नंबर.

तिबिलिसीकर

मग करार पाठवा, आजच. आधी फ्लॅट त्यांच्या नावावर चढलाय का ते बघू.