फुलंब्रीच्या माळ्यावरच्या तबकड्या

ए-४०२ काकू: नमस्कार सोसायटीतल्या सगळ्यांना. फुलंब्रीचं सासऱ्यांचं जुनं घर रिकामं करायलोत, माळ्यावर एक लाकडी खोकं निघालं, त्यात ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या आहेत पंचवीस-तीस, लई जड आहेत अन् दोन फुटलेल्या आहेत. उद्या सकाळी भंगारवाला येणारे, कुणाला पाहिजे असतील तर आज रात्री घेऊन जा.

डी-१०४ ताई: काकू माझ्यासाठी दोन ठेवा, त्याचं भिंतीवरचं घड्याळ छान होतं

बी-२०३ सर: थांबा. काकू, भंगारवाल्याला आधी नको म्हणून फोन करा. मधल्या गोल कागदावर काय लिहिलंय ते वाचून टाकता का जरा?

ए-४०२ काकू: एकावर बालगंधर्व, जोहार मायबाप. एकावर ज्योत्स्ना भोळे, बोला अमृत बोला. तीन-चारवर मास्टर कृष्णराव लिहिलंय. बाकीच्यांची अक्षरं गेलीत. धूळ लई आहे, पुसायलेय आता.

बी-२०३ सर: काकू तुम्हाला माहितेय का तुम्ही काय सापडवलंय? मास्टर कृष्णराव म्हणजे कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर. आडनावातच गाव आहे बघा! त्यांचा जन्म आळंदीचा, २० जानेवारी १८९८, पण आडनाव आपल्या मराठवाड्यातल्या फुलंब्रीचं, अन् जळगाव रोडनं रोज तिथून जाणाऱ्या-येणाऱ्या किती जणांना हे नाव माहिती असेल? मी तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, दरवर्षी पोरांना विचारायचो, एकानं कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही वाचलेली ती तिन्ही नावं एकाच माणसाशी जोडलेली आहेत. जोहार मायबाप हा चोखोबांचा अभंग, कान्होपात्रा नाटकातला, १९३१ चं नाटक, गाणारे बालगंधर्व पण चाल मास्टरांची. बोला अमृत बोला हे कुलवधूतलं, १९४२, गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई, चाल परत मास्टरांचीच. म्हणजे त्या खोक्यात एका माणसाचा कितीतरी वर्षांचा कारभार पडलाय.

डी-१०४ ताई: घड्याळ कॅन्सल सर. मला खरंच माहिती नव्हतं

सी-२०२ दादा: सर ते नाटकात गाणारे होते का चाली लावणारे? आमच्या घरी वेगळ्याच कारणानं नाव घेतात त्यांचं, सांगतो नंतर

बी-२०३ सर: दोन्ही. लहानपणीच नाट्यकला प्रवर्तक मंडळीत नट म्हणून शिरले, आवाज गोड होता. मग भास्करबुवा बखल्यांकडे तालीम. बुवा म्हणजे स्वयंवरच्या (१९१६) पदांना चाली देणारे, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचे संगीतगुरू. १९२२ ला बुवा गेले आणि ती जबाबदारी या शिष्यावर आली, वय किती, तर चोविसाव्या वर्षी! विचार करा, समोर बालगंधर्वांसारखा गळा, थेटरात वन्समोअर मागणारे लोक, आणि पोरसवदा माणसानं त्यांना चाल द्यायची. नाटकातलं पद रंगलं की लांबतच जायचं, प्रेक्षक सोडायचे नाहीत. आता तेच पद तबकडीवर घ्यायचं तर एका बाजूला सव्वातीन मिनिटं मिळतात, फार तर साडेतीन. त्यात मुखडा, अंतरा, ताना सगळं बसवायचं. रंगभूमीवरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं ही माझ्या मते दोन वेगळी गाणी आहेत, आणि आज आपल्याजवळ फक्त दुसरं उरलंय. त्या रात्रीची गाणी कुणीच रेकॉर्ड केली नाहीत, करायची सोयच नव्हती.

ए-४०२ काकू: सर एक प्रॉब्लेम झाला. मी सॅनिटायझरनं पुसायला घेतलं तर कापसाला काळं काळं यायलं

बी-२०३ सर: काकू लगेच थांबा!!! ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते, झाडावरचे लाखेचे किडे सोडतात त्या लाखेपासून केलेली, अन् लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, स्पिरिट, डिओ काही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल गोल झाडा, बस. एकावर एक रचून ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हात तर अजिबात नको, वाकतात. कुठली पुसली ते बघून सांगता?

ए-४०२ काकू: ज्योत्स्नाबाईंची. बाहेरच्या कडेलाच पुसली होती, मधे नाही. फार वाईट वाटायलंय.

बी-२०३ सर: कडेलाच असेल तर गाणं बहुतेक वाचलं असेल, काळजी करू नका. वाजवून बघू.

डी-१०४ ताई: बोला अमृत बोला माझी आजी म्हणायची स्वयंपाक करताना, आम्हाला वाटायचं देवाचं गाणं आहे. भैरवी ना सर?

बी-२०३ सर: हो, भैरवी. आणि कुलवधूचं वैशिष्ट्य असं की आधी रात्रभर चालणारी नाटकं, चाळीस-चाळीस पदं, बायकांची कामं पुरुष करायचे. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतननं नाटक आटोपशीर केलं, पदं मोजकी ठेवली, आणि स्त्रीभूमिका बाईनंच केली. मास्टरांनी तेव्हा आपली चालीची पद्धतच बदलली. कान्होपात्रातले अभंग ऐका अन् नंतर कुलवधू ऐका, तोच माणूस आहे हे पटत नाही, इतकं हलकं सोपं कुणालाही गुणगुणता येईल असं झालंय ते. मला विचाराल तर हीच त्यांची मोठी गोष्ट, मोठ्या गवयाला सोपं व्हायला फार धाडस लागतं.

ई-३०१ भाऊ: सर ते सिनेमातले पण तेच का? माणूस मधलं कशाला उद्याची बात?

बी-२०३ सर: तेच. प्रभात फिल्म कंपनीचा माणूस, १९३९, शांता हुबळीकर. शेजारी (१९४१) मधलं लखलख चंदेरी पण त्यांचंच. आणि आपल्या मराठवाड्यासाठी सगळ्यात जवळचा सिनेमा धर्मात्मा, १९३५, पैठणच्या एकनाथांवरचा, त्यात एकनाथ झालेत बालगंधर्व, संगीत मास्टरांचं. सिनेमाचं नाव आधी महात्मा होतं, सेन्सॉरनं बदलायला लावलं. फुलंब्रीकर आडनावाच्या माणसानं पैठणच्या नाथांच्या सिनेमाला संगीत दिलं, हे आपण नाथषष्ठीला तरी सांगायला पाहिजे ना लोकांना.

सी-२०२ दादा: आता मी सांगतो. आमचे आजोबा नागसेनवनातल्या मिलिंद कॉलेजला होते, बाबासाहेबांनी १९५० ला सुरू केलेलं. आजोबा सांगायचे की आपण आज जी बुद्धवंदना विहारात ऐकतो तिच्या पालीतल्या गाथांना चाल लावायला बाबासाहेबांनी मास्टर कृष्णरावांना सांगितलं होतं, आणि तिची रेकॉर्ड निघाली. आमच्या घरी पौर्णिमेला तीच लागायची, आधी तबकडी मग कॅसेट. म्हणून आजी नाटकाची माणसं नाही ओळखत, पण मास्टरांचं नाव ओळखते.

बी-२०३ सर: दादा हे तुम्ही सांगितलं म्हणून फार बरं वाटलं. वंदे मातरमची पण तशीच गोष्ट आहे. झिंझोटी रागात चाल लावली होती, बँडवर वाजेल अशी सुद्धा केली, आणि संविधान सभेच्या लोकांसमोर दिल्लीत जाऊन म्हणून दाखवली, की हे राष्ट्रगीत होऊ शकतं. नाही झालं, पण त्याआधी, इंग्रजांच्या काळात, आकाशवाणीवर वंदे मातरम म्हणायला बंदी होती तेव्हा हा माणूस रेडिओवर गायचाच बंद झाला होता. गाण्याचे पैसे आणि नाव दोन्ही सोडलं. १९७१ ला पद्मभूषण मिळालं, १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले.

ई-३०१ भाऊ: माझ्याकडं टर्नटेबल आहे, ७८ चा स्पीड पण आहे त्यात. कम्प्युटरला जोडून कॉपी करू का? पण कॉपीराइटचं काय, उद्या यूट्यूबवर टाकलं तर

बी-२०३ सर: एक तर तुमची एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांची सुई लावू नका, ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद असते, सुई तळाशी घासत जाईल आणि खरखरच ऐकू येईल. ७८ ची वेगळी सुई येते, ती मागवा. चावीचा ग्रामोफोन कुणाकडं असेल तर तो नकोच, त्याची पोलादी सुई अन् वजन तबकडी खाते. कॉपीराइटचं असंय, आपल्याकडं रेकॉर्डिंगवरचा हक्क निघाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे या तबकड्यांचा संपलाय. पण चालीवरचा हक्क संगीतकार गेल्यावर ६० वर्षं, म्हणजे २०३४ संपेपर्यंत आहे, आणि शब्दांचा ज्याचा त्याचा वेगळा हिशोब. घरात जपून ठेवायला कॉपी करा, यूट्यूबचं नंतर बघू, नीट विचारून.

डी-१०४ ताई: फुटलेल्या दोन फेकायच्या का?

बी-२०३ सर: नाही! तुकडे एका पाकिटात ठेवा. त्यावरचा नंबर कॅटलॉगला जुळवता येतो, तीच तबकडी दुसऱ्या कुणाकडं सापडू शकते.

ए-४०२ काकू: भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. पण सर खरं सांगू का, सासरे आम्हाला त्या खोक्याला हात लावू द्यायचे नाहीत, आम्ही म्हणायचो काय कामाचंय. ते गेले तेव्हापासून माळ्यावरच पडलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही.

सी-२०२ दादा: काकू आजीला घेऊन येऊ का ऐकायला? तिला जिने चढवत नाहीत, खाली क्लबहाऊसमध्ये ठेवलं तर बरं

ई-३०१ भाऊ: सुई यायला पाच-सहा दिवस लागतील. रविवारी संध्याकाळी सहाला ठेवू. सर तुम्ही लिस्ट करा कोणती आधी लावायची.

बी-२०३ सर: आधी जोहार. मग दादांच्या आजींना विचारू.

ए-४०२ काकू: सर, मगाशी धूळ झाडताना एका लेबलखाली पेन्सिलनं तारीख लिहिलेली दिसली, सासऱ्यांचं अक्षर आहे. त्यांच्या लग्नाचं वर्ष आहे ते.