घरच्या बटाट्यांचा अनुभव सांगा (इंदूर)

दिवाळी झाली. रामबागेतल्या आमच्या अंगणात यंदा पहिल्यांदाच बटाटे लावणार आहे, बेणं आणून ठेवलंय. ज्यांनी लावलेत त्यांनी सांगा, फसलेलंही सांगा.

सुदामानगर
माझं पहिलं पीक सडलं. आपली माळव्याची काळी माती भिजली की चिखल, सुकली की दगड, आणि मी रोज पाणी घालत होतो. रोपं पिवळी पडली म्हणून उकरलं तर बेण्याचं नुसतं सालपट हाताला आलं, आत घाण वासाचं पाणी. पुढच्या वर्षी वाफा वीतभर उंच केला, जेवढी माती तेवढंच चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी दिलं. चार रोपांना पावणेतीन किलो निघाले!

तिलकनगर, गच्ची
मी तांदळाच्या गोणीत लावते. तळाला भोकं पाडायची, कड दुमडून खाली घ्यायची, वीतभर माती. बेणं कापलं तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत, आणि कापावर राख फासून दोन दिवस सावलीत सुकवा. रोप वाढेल तशी कड उलगडायची, खोडाला मातीची भर द्यायची. ताई, ही भर चुकवू नका. बटाटा मुळाला लागत नाही, मातीतल्या खोडाच्या फांद्यांना लागतो. उघडा पडला की उन्हानं हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विष वाढतं. असे मी टाकूनच देते.

लोकमान्यनगर
मला उशीर नडला. डिसेंबर संपताना लावले. मार्चात पाला माजला, खाली सुपारीएवढे बटाटे. रात्री गारठा असला तरच बटाटा पोसतो. आता ‘कुफरी लवकर’ हा वाण लावतो, नावाप्रमाणे लवकर तयार होतो.

पुन्हा सुदामानगर
काढायची घाई करू नका. नव्वद-शंभर दिवसांनी पाला पिवळा पडून लोळला की पाणी तोडा, आठ-दहा दिवस थांबा. अंगठ्यानं साल सरकली तर अजून कच्चा आहे, टिकणार नाही. आणि कुदळ लांबून घाला. माझे तीन चिरले, ते त्याच दिवशी खिचडीत गेले.

रामबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. बेण्याला जांभळट कोंब आलेत, करंगळीच्या नखाएवढे. उद्या सकाळी आधी वाफा उंच करते.