स्विमिंग पूलला नवीन प्लास्टर केलंय, पाणी कुठलं भरू? बोअर की टँकर?

अलिबागजवळच्या घरी ८ बाय ४ मीटरचा पूल आहे, सरासरी खोली १.४, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर. व्हाईट सिमेंटचं प्लास्टर आत्ताच झालंय, बोअर आहे पण प्रेशर कमी आणि पाणी थोडं पिवळट वाटतं, टँकरवाला १० हजार लिटरचा आहे. काय करू?

उत्तर १
पिवळट असेल तर बोअर नकोच! त्यात लोह असणार, क्लोरीन पडलं की तपकिरी डाग प्लास्टरवर बसतात आणि मग निघता निघत नाहीत. बादलीभर पाण्यात थोडं क्लोरीन टाकून बघा, रंग बदलला तर समजून जा.

उत्तर २
सहमत, पण टँकरचं पाणीही कुठल्यातरी बोअरचंच असतं हो, आधी सॅम्पल मागा आणि लोह, हार्डनेस दोन्ही लॅबमधून तपासून घ्या. पाचही टँकर एकामागोमाग यायला हवेत, मध्येच भरणं थांबलं तर तिथे कायमची रेघ उमटते. पाइपच्या तोंडाला जाड कापड बांधून सगळ्यात खोल जागी ठेवा, वरून धार सोडू नका, ताजं प्लास्टर खरवडतं.

प्रश्नकर्ता
आणि क्लोरीन लगेच टाकायचं का?

उत्तर २
नाही, दोन-तीन दिवस थांबा. नव्या प्लास्टरमुळे पीएच सारखा वर चढतो, तो रोज तपासून थोडं थोडं ॲसिड देत रहा, आणि पहिले दोन आठवडे रोज दोनदा नायलॉनच्या ब्रशने भिंती घासा, हे अजिबात टाळू नका.