शून्य व्होल्टवरचं शिखर म्हणजे मायोराना का?

एमएस्सीवाला: मायोराना म्हणजे अशा तारेच्या टोकांना बसणारी, स्वतःचीच प्रतिकण असलेली शून्य ऊर्जेची अवस्था. डेल्फ्टच्या २०१२ च्या प्रयोगात इंडियम अँटिमनाइडच्या नॅनोवायरला सुपरकंडक्टर चिकटवून चुंबकीय क्षेत्र वाढवलं, तर शून्य व्होल्टला कंडक्टन्सचं (वीजवाहकतेचं) शिखर आलं. सेमिनारला 'मायोराना सापडला' म्हणू का?

जुना क्रायोस्टॅट: अजिबात नको! आधी अँड्रीव्ह परावर्तन पक्कं कर. गॅपपेक्षा (सुपरकंडक्टरमधल्या निषिद्ध ऊर्जापट्ट्यापेक्षा) कमी ऊर्जेचा एकटा इलेक्ट्रॉन सुपरकंडक्टरमध्ये शिरत नाही; दुसऱ्याला सोबत घेऊन कूपर जोडी बनून जातो, मागे होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) परततो. हे पुन्हापुन्हा झालं की अँड्रीव्ह बद्ध अवस्था बनतात. गेटजवळ (तारेवर व्होल्टेजने ताबा ठेवणाऱ्या इलेक्ट्रोडजवळ) विभव संथ बदलत असला की त्याही शून्यालाच चिकटून बसतात. लबाड असतात त्या.

एमएस्सीवाला: पण शिखर बरोबर ७७.५ मायक्रोसीमेन्सचं, म्हणजे मायोरानासाठी सिद्धांत सांगतो तेवढं (2e²/h), असेल तर?

जुना क्रायोस्टॅट: तोच दावा करणारा २०१८ चा 'नेचर'मधला पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. संपूर्ण डेटासमोर तो टिकला नाही. माझ्या मते सेमिनारला हेच सांग, जास्त रंगेल.

गेटवाली: शिवाय एकाच टोकाला मोजून भागत नाही. दोन्ही टोकांना शिखर हवं, आणि नॉनलोकल कंडक्टन्समध्ये (एका टोकाला व्होल्टेज देऊन दुसऱ्या टोकाला प्रवाह मोजतात त्यात) गॅप मिटून पुन्हा उघडताना दिसायला हवी.