‘श्रद्धा घरी ठेवून कामावर या’ म्हणणाऱ्यांना

रात्रपाळीचा_वैद्य (धागाकर्ता)

परवा इथे एका सदस्याने लिहिलं, की ख्रिस्ती डॉक्टर-नर्सनी आपली श्रद्धा घरी ठेवून कामावर यावं, रुग्णाच्या खाटेशी प्रार्थना करणारा डॉक्टर म्हणजे पांढऱ्या कोटातला धर्मप्रचारक. खाली भराभर ‘सहमत’ पडले. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या विभागात काम करतो, ख्रिस्ती आहे, आणि हे वाचून गप्प बसवेना.

ज्याला आपण जाणार हे कळलेलं आहे तो माणूस रात्री दोन वाजता विचारतो, ‘डॉक्टर, आता पुढे काय?’ तेव्हा त्याला डोस विचारायचा नसतो. डोस आधीच दिलेला असतो.

सिसली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र सुरू केलं. बाई आधी नर्स, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. आणि मनापासून ख्रिस्ती. दुखणं उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, हे त्यांनी रुजवलं. दुखण्यात शरीर असतं तसंच मन, घरची माणसं आणि आत्माही असतो, हेही त्यांनीच ठासून मांडलं. त्यांच्या श्रद्धेने मॉर्फिन हटवलं नाही, ते वेळेवर पोचवलं. आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यालाही त्या हॉस्पिसचं दार उघडं होतं.

मी स्वतःहून प्रार्थना सुचवत नाही. झोप, भूक, शौच विचारतो त्याच ओघात विचारतो, की कठीण दिवसांत तुम्हाला आधार कशाचा? कुणी देवाचं नाव घेतं, कुणी नातवंडांचं, कुणी म्हणतं कशाचाच नाही. जो म्हणतो ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’, त्याच्याजवळ बसतो. त्याला ‘ते माझं काम नाही’ असं सांगणं मला क्रूरपणा वाटतो.

तर्कशुद्ध

ती पोस्ट माझी. शब्द मागे घेणार नाही.

तुमच्या हातात त्याचा तपासणीचा अहवाल, त्याचं वेदनाशामक, त्याचा डिस्चार्ज. त्याने ‘हो’ म्हटलं, ते मनापासून की तुम्हाला दुखवायला नको म्हणून, हे कसं ओळखता? ब्रिटनमध्ये डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१३ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे: रुग्णाच्या असहायतेचा फायदा घेतला जाईल किंवा त्याला त्रास होईल अशा रीतीने स्वतःच्या श्रद्धा त्याच्यापुढे मांडू नका.

आणि प्रार्थनेने गुण येतो म्हणणाऱ्यांनी २००६ चा अमेरिकेतला अभ्यास वाचावा. सहा रुग्णालयं, बायपासचे १८०२ रुग्ण. ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. काहीच पक्कं माहीत नसलेल्यांत प्रार्थना झालेले ५२ टक्के आणि न झालेले ५१.

माझ्या मेहुण्याला फिट्स यायच्या. आजार बरे करण्याच्या एका प्रार्थनासभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आता विश्वास ठेव, गोळ्या म्हणजे अविश्वास. त्याने गोळ्या बंद केल्या. पुढची फिट अंघोळ करताना आली. तो वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. म्हणून मला या विषयात मवाळ व्हायला सांगू नका.

मंडळीचा_सेवक

मेहुण्यांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि संतापही आला. गोळ्या सोडायला सांगणारा माणूस बायबलच्याही विरोधात गेला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. येशूने सांगितलेल्या गोष्टीत चांगल्या शोमरोन्याने, म्हणजे परक्या समाजातल्या वाटसरूने, जखमी माणसाला पाहून आधी जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं आणि खर्चही दिला. त्या गोष्टीत त्याने प्रार्थना केल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

पण तो अभ्यास इथे लावू नका. अनोळखी लोक ठरावीक वाक्य म्हणणार आणि देवाने टक्केवारीत उत्तर द्यायचं? देवाची परीक्षा पाहू नये असं खुद्द येशूने सैतानाला सुनावलं. तो प्रयोग धड झाला असता तरी मला त्यातून विश्वास मिळाला नसता, आणि फसला म्हणून जाणारही नाही.

तर्कशुद्ध

म्हणजे आकडे बाजूने आले की साक्ष, विरुद्ध गेले की परीक्षा? १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयरोग विभागाचा ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रार्थनेच्या बाजूने आला, तेव्हा तो कोण मिरवत होतं? तुम्ही नसाल, तुमचे बंधू होते.

मंडळीचा_सेवक

होते. चूकच होती ती. पण त्याचा जाब मला का?

वॉर्ड_नंबर_चार

नर्स आहे. दोन्ही बाजू वाचल्या. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

तुम्ही प्रार्थनेचा वाद घालताय. आमच्याकडे श्रद्धेचा उपयोग कशाला होतो ते सांगते. मी पूर्वी होते त्या ख्रिस्ती रुग्णालयात सकाळची उपासना व्हायची, मला ती आवडायची, आजही तिथली गाणी आठवतात. पण ड्युटी संपल्यावर थांबवलं आणि जादा तासांचे पैसे मागितले, तर उत्तर मिळायचं, ‘सिस्टर, हे पाचारण आहे, देवाचं बोलावणं, नोकरी नाही.’ पाचारण फक्त नर्सला होतं. हिशेब बघणाऱ्यांना होत नव्हतं.

जुना_कारभारी

सिस्टर, हे एकांगी आहे. मी अशा संस्थेचं काम जवळून पाहिलं आहे. माणसं कमी पगारात राहिली म्हणूनच गरिबांना परवडणारी रुग्णालयं उभी राहिली. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला १९०० मध्ये एका खाटेपासून सुरुवात केली, तिथे पुढे वैद्यकीय महाविद्यालय झालं. सगळ्यांनी बाजारभाव मागितला असता तर यातलं काय झालं असतं?

वॉर्ड_नंबर_चार

आयडाबाईंनी स्वतःचा त्याग स्वतः ठरवला. माझा त्याग तुम्ही ठरवलात. फरक दिसत नसेल तर बोलणंच खुंटलं.

इतिहासच हवा तर घ्या. जर्मनीत कायझर्सवर्थला १८३६ मध्ये डीकनेसांची, म्हणजे चर्चच्या सेवेला वाहून घेतलेल्या स्त्रियांची संस्था निघाली. त्या बायकांना पगार नव्हता, पण राहणं-खाणं, हातखर्च आणि म्हातारपणी सांभाळण्याची हमी होती. संस्थेनेही बांधून घेतलं होतं स्वतःला. आम्हाला पाचारण त्यांच्यासारखं, आणि म्हातारपण मात्र ज्याचं त्याने बघायचं! फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे शिकायला राहिल्या. देवाने बोलावलं असं त्या स्वतः मानत. तरीही १८६० मध्ये लंडनला त्यांच्या नावाने शाळा निघाली ती कुठल्या पंथाची नव्हती, आणि तिथून नर्सिंग हा शिकून करायचा पेशा झाला.

फिजिओ_ताई

सिस्टरना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडेही ‘सेवाभाव’ हा शब्द रजा नाकारतानाच ऐकू येतो. ख्रिस्ती संस्थाच कशाला, सगळीकडे हेच.

जुना_कारभारी

सगळा राग माझ्यावर काढायचा असेल तर काढा. पण वर्षाअखेर औषधांची बिलं भागवताना रात्र रात्र जागलेली माणसंही तिथे होती.

वॉर्ड_नंबर_चार

जागली असतील. त्या रात्री त्यांच्यासोबत वॉर्डात कोण जागं होतं, तेही आठवा.

रात्रपाळीचा_वैद्य

सिस्टर, मुद्दा रास्त आहे, पण धागा प्रार्थनेचा आहे. पगारासाठी वेगळा धागा काढूया का?

वॉर्ड_नंबर_चार

नाही काढायचा. माझ्या मते हा एकच धागा आहे. तुम्ही रुग्णाजवळ बसून प्रार्थना करता तेवढा वेळ बाकीच्या वॉर्डाकडे मी बघत असते. तुमच्या प्रार्थनेत माझी ड्युटी धरलेली आहे.

खाट_सात

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते, कारण इथे रुग्ण सोडून सगळे बोलले.

मी ख्रिस्ती. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी सर्जन आले, म्हणाले, ‘आपण प्रार्थना करू’, आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले. माणूस भला होता. पण मी त्या दिवसांत देवाशी बोलत नव्हते. माझं आणि त्याचं भांडण चालू होतं आणि ते माझं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला ‘नको’ कोण म्हणेल? मी आमेन म्हटलं. ते आमेन मला अजून टोचतं.

त्याच मुक्कामात रात्री एका नर्सने विचारलं, ‘कुणाला बोलवू का? की नुसती बसू?’ मी म्हटलं, नुसत्या बसा. ती बसली. तीही ख्रिस्ती होती, हे मला नंतर कळलं.

मंडळीचा_सेवक

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, प्रार्थनेसाठी बोलवावं असं आहे. बोलावणं आजाऱ्याकडून येतं. मी आजवर हे वाक्य वडिलांना त्यांचं कर्तव्य सांगायला वापरलं. ते आजाऱ्याच्या हक्काचंही आहे, हे मान्य करावं लागेल.

तरी एक सांगतो. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये घरोघर जाणाऱ्या एका नर्सने वृद्ध रुग्णाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ एवढंच विचारलं, आणि तिला निलंबित केलं गेलं. पुढे परत घेतलं. पण विचारण्यालाच गुन्हा ठरवणार असाल, तर माझा विरोध राहील.

तर्कशुद्ध

निलंबन जास्त झालं. बस, एवढंच देतो. तिने विचारायला नको होतं, हे माझं मत कायम.

खाट सात, तुमच्यासाठी लिहितो: मी हेच म्हणत होतो, पण इतकं नीट म्हणता आलं नाही. वैद्यमहाशय, तुमचा आधाराचा प्रश्न मला चालेल. त्यात देवाचं नाव तुम्ही घेत नाही, रुग्ण घेतो. पण हा नियम तुमच्या एकट्याच्या सद्भावनेवर नको. लेखी हवा. तुमच्यानंतर येणारा ज्युनिअर मेहुण्याच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यासारखा निघाला तर?

रात्रपाळीचा_वैद्य

लेखी असावा, मान्य. आणि त्यात पहिली ओळ ही असावी, की औषध बंद करायला सांगणाऱ्याला वॉर्डात जागा नाही, मग तो कुणाच्याही नावाने बोलो. पण दुसरी ओळ मी लिहिणार: रुग्णाने मागितलं तर डॉक्टरला नाही म्हणायला भाग पाडता येणार नाही. यावर मी हटणार नाही.

वॉर्ड_नंबर_चार

तिसरी ओळ माझी. रात्रपाळीला एक माणूस जास्त. ‘नुसत्या बसा’ म्हणणाऱ्या बाईजवळ बसायला कुणीतरी मोकळं हवं, आणि त्याचा पगारही द्यायला हवा. कारभारी, तुम्ही वाचताय ना?