महाविद्यालयाच्या नव्या इमारतीबाबत विद्यार्थ्यांनी काय सुचवावे? सल्ला हवा आहे

पामबीच_पूर्व

सर्वांना नमस्कार. मी नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या संस्थेने आवारातील मोकळ्या जागेवर सात मजली नवी इमारत बांधायचे ठरवले असून, नकाशे मंजुरीसाठी जाण्यापूर्वी परिसराचे रूप आणि मांडणी यांविषयी विद्यार्थी प्रतिनिधींकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. अशी संधी विद्यार्थ्यांच्या वाट्याला क्वचितच येते, त्यामुळे चार ओळींचे मोघम पत्र देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही.

वर्गावर्गांतून मते गोळा केली तेव्हा सरळ दोन तट पडले. एका गटाला इमारतीचा दर्शनी भाग भव्य आणि काचेचा हवा आहे, प्रवेशद्वारापाशी कारंजे हवे आहे. माहितीपत्रकात आपले महाविद्यालय उठून दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या गटाच्या तक्रारी रोजच्या आहेत. ग्रंथालयातून वर्कशॉपला जाताना पावसात भिजावे लागते, मधल्या मोकळ्या तासाला जिन्याच्या पायऱ्यांखेरीज बसायला जागा नाही, आणि कँटीन इतके एका टोकाला आहे की छोट्या सुटीत चहा पिऊन वेळेत परतणे होत नाही.

या दोन्हींपैकी पत्रात कशाला किती जागा द्यावी? ठाणे, नवी मुंबई किंवा जवळपास पाहून यावीत अशी आवारे कोणती? आणि संस्थाचालक गांभीर्याने वाचतील अशा पद्धतीने हे मांडावे कसे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आराखडाघर

मी ठाण्यात वास्तुविशारद म्हणून काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दुसऱ्या गटाचे म्हणणे पत्राच्या पहिल्या पानावर घ्या. दर्शनी भाग दहा-पंधरा वर्षांनी बदलता येतो आणि संस्था तो बदलतातही. पण खांब एकदा उभे राहिले की जिना कुठे, प्रवेश कुठून आणि दोन इमारतींत अंतर किती, हे पुढच्या पन्नास वर्षांसाठी ठरून जाते. जे नंतर बदलता येणार नाही त्याबद्दल आत्ता बोला.

पहिले काम म्हणून आवाराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक शाखेच्या वेळापत्रकावरून विद्यार्थी दिवसभरात कुठून कुठे जातात त्या रेघा त्यावर ओढा. जिथे रेघांवर रेघा पडून जाड पट्टा तयार होईल, तिथे छपराखालची वाट हवी, हे कोणालाही वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या पवईच्या आयआयटीत मुख्य इमारत आणि अनेक विभाग यांना जोडणारी अशी लांबच लांब वाट आहे, ती शक्य असल्यास ऐन जुलैत पाहून या. छत्री न उघडता एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता येते, हा तिचा उघड उपयोग झाला. परंतु वेगवेगळ्या शाखांची मुले दिवसातून अनेकदा एकमेकांसमोर येतात, थांबतात, बोलतात, हे मला त्याहून मोलाचे वाटते. तुमच्या वाटेला निदान तीन मीटर रुंदी मागा, म्हणजे दोघे-तिघे बोलत उभे राहिले तरी बाकीच्यांची ये-जा अडणार नाही.

नुसते छप्पर मागून मात्र भागत नाही. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर येतो, तिरपा येतो, आणि झड थेट आतपर्यंत पोहोचते. पश्चिमेला उघडा असलेला एखादा जिना पावसाळ्यात नीट न्याहाळा: वळणावरची गुळगुळीत फरशी ओली, तिच्यावर अंथरलेले पोते चिखलाने काळे झालेले, आणि मुले भिंतीला हात लावून एका ओळीत उतरत असलेली. खोल छज्जा, वाऱ्याच्या बाजूला जाळीची भिंत आणि पायाखाली खडबडीत कोटा किंवा शहाबादी फरशी, एवढ्याने हा प्रश्न पुष्कळसा सुटतो आणि खर्चही फार वाढत नाही.

आता काचेविषयी. ठाणे-नवी मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि भिंतींना त्याचा त्रास कमी होतो. खरा ताप होतो तो दुपारनंतर पश्चिमेकडून येणाऱ्या उतरत्या उन्हाचा. पश्चिमेला सलग काच लावली की दुपारनंतरच्या वर्गांत पडदे ओढावे लागतात, मग दिवे लावावे लागतात, आणि वातानुकूलन तर थांबतच नाही. म्हणून काच उत्तरेला मागा, आणि पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहे, भांडार अशा खोल्या घ्यायला सुचवा, म्हणजे वर्गांना आपोआप आडोसा मिळेल.

पाहण्याजोगे आणखी एक ठिकाण तुमच्या अगदी जवळ आहे. ते महाविद्यालय नव्हे, वसाहत आहे: सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधले आर्टिस्ट व्हिलेज. नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ते रचले. सात घरे साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती, असे तीन गट मिळून बारा मीटरचे अंगण, आणि तसे तीन समूह मिळून वीस मीटरचे. बरीच घरे आता बदलली आहेत, पण लहान जागेतून मोठ्या जागेत जाण्याचा तो क्रम आजही पायांना जाणवतो. एकच अवाढव्य चौक बांधून तो वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला वापरण्यापेक्षा, प्रत्येक विभागाच्या दाराशी वीस-पंचवीस जणांना बसता येईल असा छोटा चौक विद्यार्थ्यांना जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

घड्याळमनोरा

आराखडाघर यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरी दर्शनी भागाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारात पदवीसाठी पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला राजाबाई टॉवर पाहून आपण कुठल्या परंपरेत आलो आहोत याची जी जाणीव होते, ती कोणत्याही छपराखालच्या वाटेने होणार नाही. १८७८ साली पूर्ण झालेला तो सुमारे ८५ मीटर उंचीचा मनोरा शहराचीही खूण आहे, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या वास्तुसमूहात त्याचा समावेश आहे. विद्यार्थ्यांनी सौंदर्य मागितले तर त्याला छायाचित्रांचा हव्यास म्हणून बाजूला सारू नये. तीन-चार वर्षे जिथे घालवायची ती जागा सुंदर असावी, असे वाटण्यात काहीही गैर नाही.

आराखडाघर

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो पत्रात यावा. मात्र त्याच इमारतींकडे थोडे जवळून पाहू या. त्यांचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत. त्यांनी लंडनहून नकाशे पाठवले. तरीही ग्रंथालयाला आणि दीक्षान्त सभागृहाला कमानींच्या ओवऱ्या आहेत, सभागृहाचे गोल जिने हवेला उघडे आहेत, आणि ऊन-पाऊस अडवणाऱ्या याच भागांवर दगडी कोरीवकाम केलेले आहे. तिथले सौंदर्य सावलीच्या जागांतूनच आलेले आहे. तेव्हा पहिल्या गटाला सांगा की भव्यता जरूर मागू, पण ती ओवरीत, जिन्यात आणि प्रवेशाच्या ओट्यात मागू, म्हणजे रोज हजारो जणांच्या वापरात येईल.

खाडीकाठ

ठाण्यातले असे आवार पाहायचे असेल तर चेंदणी बंदर रस्त्यावरील विद्या प्रसारक मंडळाच्या ज्ञानद्वीप परिसरात जाऊन या. बांदोडकर विज्ञान महाविद्यालय, जोशी-बेडेकर कला-वाणिज्य महाविद्यालय, विधी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन एकाच आवारात आहेत. मी तिथे विज्ञान शाखेत शिकलो. प्रयोगशाळेतून बाहेर पडलो की वाटेत कायद्याचा आणि मराठी साहित्याचा अभ्यास करणारी मुले भेटत, आणि माझ्या आजच्या मित्रांपैकी निम्मे त्या वाटेवरचे आहेत. खाडी आणि कांदळवन जवळ असल्याने जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा विषयच शेजारी मिळतो. नव्या इमारतीत शाखांना मजले वाटून देताना प्रत्येक शाखेचा जिना, उद्वाहन आणि प्रवेश वेगळा करू नका, असे आवर्जून लिहा.

नेरुळ_लोकल

प्रवेशद्वाराविषयी एक सूचना. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे, कळवा इकडून कितीतरी विद्यार्थी रेल्वेने नवी मुंबईत शिकायला येतात. तरीही मुख्य दरवाजा मोटारींच्या सोयीने रुंद रस्त्यावर असतो, आणि स्थानकाकडून चालत येणाऱ्यांना अख्ख्या कुंपणाला वळसा घालावा लागतो. स्थानकाच्या बाजूला पादचाऱ्यांसाठी वेगळे फाटक मागा, आणि ते सायंकाळच्या शेवटच्या प्रात्यक्षिकानंतरही उघडे राहील, तिथे दिवे आणि सुरक्षारक्षक असतील, हेही लेखी मागा. मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट कारंज्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

सरळ_उतार

माझा मुलगा चाकांच्या खुर्चीचा वापर करतो. त्याच्या प्रवेशासाठी आम्ही या भागातल्या अनेक संस्था पाहिल्या. एके ठिकाणी रॅम्प होता, पण तो मागच्या बाजूला, जनित्राच्या खोलीशेजारी, आणि इतका चढा की मागून दोघांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जाईना. समोरच्या दाराला अकरा देखण्या पायऱ्या होत्या.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ पासून आहे, त्यामुळे ही मागणी कोणी दया म्हणून मान्य करण्याची नाही. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हे प्रमाण आहे. म्हणजे जोते जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर रॅम्पला ७.२ मीटर लांबी लागते, आणि वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा लागते ती वेगळी. ही लांबी पहिल्याच नकाशात धरली नाही तर नंतर समोरच्या बाजूला जागा उरत नाही आणि रॅम्प मागे ढकलला जातो. सर्वांसाठी एकच दार असावे आणि रॅम्प त्याच दाराशी पोहोचावा, एवढे वाक्य आपल्या पत्रात कृपया ठळकपणे घाला.

बकुळीखाली

झाडांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. मोठ्या आवारांत हल्ली ओळीने बॉटल पाम लावतात. ते दिसतात देखणे, पण त्यांची सावली माणसाला पुरत नाही. गुलमोहराच्या फांद्या पावसाळी वाऱ्यात मोडून पडतात. बसायच्या जागांभोवती बकुळ, करंज, कदंब अशी आपल्या मातीतली झाडे मागा, आणि फुलांसाठी महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हण. जी मोठी झाडे आज उभी आहेत त्यांची जागा नव्या नकाशावर दाखवायला सांगा, कारण नकाशात नसलेले झाड बांधकामाच्या पहिल्याच आठवड्यात जाते.

पामबीच_पूर्व

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. या रविवारी आम्ही काही जण बेलापूरच्या वसाहतीत आणि त्यानंतर ठाण्याच्या ज्ञानद्वीप परिसरात जाऊन येणार आहोत. रेघांच्या नकाशाचे काम कालच सुरू केले, आणि ग्रंथालय, वर्कशॉप व कँटीन यांच्यामधला पट्टा आताच इतका जाड झाला आहे की खालचा कागद दिसत नाही. सरळ_उतार यांचे वाक्य पत्राच्या पहिल्या परिच्छेदात घेतले आहे.

एक अडचण उरते. आमच्या विश्वस्तांना काचेचा दर्शनी भाग मनापासून आवडतो आणि तो पश्चिमेलाच, रस्त्याच्या बाजूला येतो. त्यांना न दुखावता हे कसे लिहावे?

आराखडाघर

काच नको, असे लिहू नका. दर्शनी भाग पश्चिमेला येत असल्याने काचेच्या बाहेर जाळीचा पडदा किंवा उभ्या पट्ट्यांचा आडोसा असावा, आणि काचेमागे वर्गांऐवजी जिना, प्रवेशदालन व ओवरी असावी, असे सुचवा. रस्त्यावरून इमारत तेवढीच आकर्षक दिसेल आणि वर्ग तापणार नाहीत. सोबत दोन्ही पर्यायांसाठी वातानुकूलनाचा अंदाजी वार्षिक खर्च संस्थेच्या वास्तुविशारदांनी काढून द्यावा, अशी विनंती जोडा. विश्वस्त तो आकडा नक्की पाहतात.

आणखी एक. संगणकावर रंगवलेली चित्रे दाखवून संमती मागितली जाईल. त्या चित्रांत ऊन नेहमी कोवळे असते आणि पाऊस कधीच नसतो. सही करण्यापूर्वी तळमजल्याचा मोजमापांसह नकाशा मागून घ्या, त्यावर उत्तर दिशा दाखवली आहे का ते पाहा, आणि तुमच्या रेघांचा कागद त्याच प्रमाणात काढून त्यावर ठेवा.