जिप्सीत बलेनोचं इंजिन बसवताना पंप टाकीत की बाहेर? माझं मत: टाकीत, आणि लहान

येऊरचा_चिखल (ठाणे)

मंडळी, आमच्या ९७ सालच्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीत बलेनोचं १६०० सीसीचं इंजिन बसतंय. आत्ताची हॅचबॅक बलेनो नव्हे, १९९९ मध्ये आलेली ती सेडान. आरटीओ आणि कलम ५२ चे (गाडीत बदल करण्याचे) कागद वेगळे फिरताहेत, तो विषय कृपा करून इथे काढू नका. इथे फक्त टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर भांडायचंय.

महिनाभर ज्याला विचारावं तो एकच आकडा सांगतो: २५५. 'वालब्रो कंपनीचा, तासाला २५५ लिटरवाला पंप घे आणि विसरून जा.' इंजिन पितं किती, हे कोणी विचारत नाही. म्हणून मीच वही घेऊन बसलो. ९४ बीएचपी म्हणजे साधारण ७० किलोवॅट. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर किलोवॅटमागे तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास खातं. झाले २१ किलो, म्हणजे २८ लिटर. ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे सात-आठ टक्के जास्त लागणार, तर ३० धरा. पंप म्हातारा होईल, व्होल्टेज पडेल, म्हणून दुप्पट करा. ६०. एवढं तर साध्या एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवाल्या) हॅचबॅकचा कंपनीचा पंपही देतो.

मग २५५ वाल्याचं उरलेलं पेट्रोल जातं कुठे? रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) रिटर्नच्या नळीने परत टाकीत. जिप्सीची टाकी ४० लिटरची. म्हणजे भरलेली टाकी तासाला सहा वेळा इंजिनापाशी जाऊन गरम होऊन येणार, आणि पाव टाकी असेल तर २५ वेळा. मे महिन्यातली संध्याकाळ, माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रोड तुंबलेला, क्लचवर पाय. इंजिन तासाला जेमतेम लिटरभर पितंय आणि पंप २५५ लिटर उकळवतोय. कशासाठी?

आता आत की बाहेर. हे पंप ढकलायला पक्के, ओढायला कच्चे. बाहेर चासीवर बसवला की त्याला पेट्रोल ओढावं लागतं. ओढलं की नळीतला दाब कमी होतो, आणि गरम पेट्रोल त्या कमी दाबात वाफ धरतं. पंपाच्या तोंडात वाफ गेली की खेळ खलास. जुन्या कार्ब्युरेटरला चार-पाच पीएसआय दाब पुरायचा, शिवाय त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या वाटीत, घोटभर शिल्लक असायची. इंजेक्शनला सलग ३ बार लागतो, म्हणजे ४३ पीएसआय, आणि शिल्लक काहीच नाही. टाकीतला पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, त्याला ओढायचं नसतं, आवाजही कमी.

म्हणून भंगारातून एमपीएफआय जिप्सीची टाकी आणली, पंप नवा घातला. आमचे मेकॅनिक मात्र तोंड वाकडं करतात. बोला आता.

तुर्भे_स्पॅनर

वहीतला हिशेब बरोबर आहे, रस्त्यावरचा नाही.

बावीस वर्षं गाड्या उघडतोय. टाकीतला पंप कुठे मरतो माहितीये? माळशेजच्या बोगद्याच्या अलीकडे, पाऊस तिरका, टाकीत ३५ लिटर. तिथे टाकी उतरवशील? बाहेरचा पंप दोन बोल्ट, दोन क्लिपा आणि दोन वायरींवर सुटतो. डिकीत एक जुना ठेवला की पंधरा मिनिटांत चालू. गाडी घाटात चालली पाहिजे, वहीत नाही.

ओढण्याची भीती घालतोस, तर ऐक. बॉश ०४४ हा बाहेरचाच पंप, जगभर रेसच्या गाड्यांना लागला. टाकीच्या खालच्या पातळीला आणि टाकीला चिकटून लावला की पेट्रोल वजनाने आपोआप उतरतं, ओढायचा प्रश्नच उरत नाही. लोक तो बॉनेटमध्ये फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) लावतात, टाकीपासून दोन मीटर लांब आणि वर, आणि मग पंपाला शिव्या देतात.

तिसरं म्हणजे, तू नशीबवान, तुझ्या गाडीची एमपीएफआय टाकी मिळते. बाकी लोक काय करतात ते मी बघतो. जुनी टाकी घेतात, वेल्डरकडे जातात, 'रिकामी आहे' म्हणतात. रिकाम्या टाकीतलीच वाफ पेटते. भरलेलीपेक्षा रिकामी वाईट. तुझा धागा वाचून उद्या कोणी टाकीला भोक पाडायला गेला तर?

कोपरीकर_७७

मी तर पंप टाकीत बसवायच्या कल्पनेनेच घाबरतो. पेट्रोलमध्ये मोटर, मोटरमध्ये कार्बन ब्रश, ब्रशला ठिणगी. कंपन्यांना झोप कशी लागते?

येऊरचा_चिखल

@कोपरीकर, आग लागायला हवा लागते. टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की पेटण्यापुरतं हवेचं प्रमाणच जमत नाही, आणि मोटरच्या आत तर निव्वळ पेट्रोल. स्पॅनरदादांची रिकामी टाकी पेटते ती ह्याचमुळे: झाकण उघडं, हवा आत, मिश्रण नेमकं जमलेलं.

@तुर्भे_स्पॅनर, वेल्डिंगचं शंभर टक्के मान्य. मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं: टाकी बदला, कापू नका. पण माळशेजचं उदाहरण उलटं पडतं, दादा. टाकीतला पंप पाव टाकीच्या खाली न नेता वापरला तर वर्षानुवर्षं जातो. बाहेरचा सुटायला सोपा, पण तो सोडावा लागतो म्हणूनच सोपा लक्षात राहतो ना?

तुर्भे_स्पॅनर

शब्दात पकडू नकोस रे. पाव टाकीच्या खाली जाऊ देणार नाही म्हणणारी गिऱ्हाइकं महिनाअखेरीला बघितलीत मी.

खारघरची_पद्मिनी

मला दोघांशीही भांडायचंय.

माझ्या पद्मिनीत एस्टीमचं इंजिन आहे. पद्मिनीला इंजेक्शनवाली टाकी कधी निघालीच नाही, त्यामुळे 'भंगारातून टाकी आण' हा सल्ला माझ्या कामाचा शून्य. आणि स्पॅनरदादा म्हणतात तसा पंप खाली, टाकीला चिकटून लावला होता, अगदी नियमात. काय झालं? अर्धी टाकी असली की पाम बीच रोडच्या वळणावर गाडी मिसिंग मारायची. कारण पंप नव्हता, टाकी होती. कार्ब्युरेटरच्या टाकीत आडवे पत्रे नसतात, वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं, नळीचं तोंड उघडं पडतं. जुन्या इंजिनला ते कळायचं नाही, फ्लोट चेंबर सांभाळून घ्यायचा. इंजेक्शनला अर्ध्या सेकंदाची हवाही कळते.

शेवटी सर्ज टाकी केली. दीड लिटरचा उभा डबा. एक स्वस्त, कमी दाबाचा पंप मोठ्या टाकीतून तो कायम भरत राहतो, जास्तीचं वरून परत टाकीत. डब्याच्या बुडातून मुख्य पंप. वळण असो, चढ असो, बुड कधी रिकामं होत नाही. दोन पंप, जास्त नळ्या, जास्त जोड, हे मान्य. पण ज्याला तयार टाकी मिळत नाही त्याला दुसरा शहाणा मार्ग मला तरी दिसला नाही. आणि डबा डिकीत ठेवणाऱ्यांनो, प्रवाशांच्या बाजूला वाफ येणार नाही असा बंद कप्पा करा, नाहीतर गाडीत पेट्रोल पंपाचा वास घेऊन फिराल.

ई-२० बद्दल कोणीच बोललं नाही. वीस वर्षांच्या टाकीतला गंज इथेनॉलने सुटतो. पहिल्या महिन्यात तीन फिल्टर बदलले. पंप कुठेही लावा, जुनी टाकी आतून बघितल्याशिवाय नवा पंप लावू नका.

कळवा_खाडी

तुम्ही लोक फार गुंतागुंत करता. माझ्या गाडीला ०४४ आहे, बाहेर, थेट चावीच्या वायरवर. चावी लावली की घर्रर्र. दोन वर्षं एक तक्रार नाही.

निवृत्त_फोरमन (वागळे इस्टेट)

कळवावाले, आज संध्याकाळच्या आत ती वायर काढा.

चावीवर थेट म्हणजे गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, नळी तुटली, तरी पंप ३ बारने पेट्रोल फेकत राहणार. गरम सायलेन्सरवर. कंपनीच्या गाडीत चावी लावल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. इंजिन फिरतंय अशी खूण ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) मिळाली तरच पुढे रिले धरून ठेवतो. हे कोणी शोभेला केलेलं नाही. पंपाचा रिले ईसीयूच्या हवाली करा, धक्का बसल्यावर पंपाची वीज तोडणारा कटआऊट लावा, फ्यूज बॅटरीपाशी.

आता बाकीच्यांना. पोस्टा वाचतोय, कोणी व्होल्टमीटर काढलेला दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीच्या मागच्या भागात जी वायर जाते ती गेजसाठी आणि दिव्यासाठी. त्या वायरीवर पंप लावला की बॅटरीला १३.८ आणि पंपाला ११.५ मिळणार. मग पंप कमी टाकतो, आणि माणूस म्हणतो लहान घेतला म्हणून झालं, आता २५५ आणू. तो आणखी अँपिअर ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं. जाड वायर, रिले मागे, अर्थ स्वतंत्र. पंप चालू असताना त्याच्याच कनेक्टरवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

आत-बाहेरचं म्हणाल तर मी चिखलरावांच्या बाजूने. पण तेवढ्याने गाडी चालत नाही.

कळवा_खाडी

काका, दोन वर्षांत काही झालं नाही ना पण.

निवृत्त_फोरमन (वागळे इस्टेट)

ठोकलीत का दोन वर्षांत?

तुर्भे_स्पॅनर

काकांना नमस्कार. वायरचं मी गिऱ्हाइकाला सांगून थकलो. त्यात माझीही भर घाला: नळी. कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी आणि बांगडीची क्लिप ३ बारवर लावतात लोक. नळीवरचा शिक्का वाचा, इंजेक्शनला जे३०आर९ लिहिलेली लागते, जे३०आर७ कमी दाबाची. आणि टाकीच्या आत बुडून राहणारी तर तिसरीच, आर१०. बाहेरची नळी आत टाकली की सहा महिन्यांत फुगून मऊ. हे चिखलराव तुमच्यासाठी, आतला पंप म्हणजे ही एक जास्तीची चूक करायची जागा. प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर पंपानंतर, दाबाच्या बाजूला लावलेला तर मी तीनदा फुटलेला बघितला.

पद्मिनीताईंचं सर्ज टाकीचं पटलं. मी म्हणत होतो त्यात ते राहून गेलं.

येऊरचा_चिखल

आर१० चं माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. नव्या पंपासोबत आलेली नळी होती तीच घातली, तिच्यावर काहीच छापलेलं नाही. टाकी परत उतरणार.

काकांच्या सांगण्यावरून आज मोजलं. बॅटरीला १३.७, पंपाला १२.१. जाड वायर आणली, मागे रिले घातला, आता १३.४. मग रिटर्नची नळी मोकळ्या मैदानात कॅनमध्ये सोडली, बायको अग्निशामक घेऊन उभी, आणि अर्ध्या मिनिटाचं पेट्रोल मापलं: ७६० मिलि. म्हणजे तासाला ९१ लिटर. इंजिनला लागतात ३०. हा लहान पंप आहे बरं का.

तुर्भे_स्पॅनर

आयडलिंगवर मोजलंस की फक्त चावीवर? घाटात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर पेट्रोलच्या दाबाच्या गेजचा काटा कुठे असतो ते सांग, मग मानतो. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर दाबल्यावर दाब चढायला हवा, उतरायला नको. रविवारी मुंब्रा बायपासला सकाळी सहाला भेट, ट्रक भरायच्या आत. गेज माझा.

निवृत्त_फोरमन (वागळे इस्टेट)

गेज काचेला बाहेरून टेपने लावा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका.

कळवा_खाडी

मी पण येतो. वायर काढली, रिले लावायचाय, कोणीतरी जोडणी काढून द्या.